हवा वाईट आहे हे कळलं, पण धूर नेमका कुणाचा?

पहाटवारा
माझ्या मुलीला दमा आहे. वय सात. गेली दोन वर्षं मी एक वही ठेवते आहे. डाव्या रकान्यात त्या दिवशीचा हवेचा निर्देशांक, उजव्या रकान्यात तिचा खोकला, रात्री ती किती वेळा उठली, पंप किती वेळा द्यावा लागला. मला वाटलं होतं, दोन्ही रकाने जोडीनं चढतील आणि जोडीनं उतरतील. तसं झालं नाही. काही दिवस आकडा 'समाधानकारक' आणि पोर रात्रभर बसून. काही दिवस आकडा भयंकर आणि ती मजेत खेळतेय.

मग वाचायला लागले. पहिली गोष्ट ही कळली की निर्देशांक हा सगळ्या प्रदूषकांचा गोळाबेरीज आकडा नाहीच. सूक्ष्मकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड अशा प्रत्येकाचा वेगळा आकडा काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तेवढा फलकावर लावतात. म्हणजे आजचा १५० आणि कालचा १५० ही दोन पूर्णपणे वेगळी विषं असू शकतात. शिवाय मी ज्या केंद्राचा आकडा बघत होते ते आमच्या घरापासून सहा किलोमीटरवर, एका इमारतीच्या गच्चीवर. माझी मुलगी श्वास घेते ती रस्त्यालगत, गाड्यांच्या नळकांड्याच्या उंचीवर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. जगातले ९९ टक्के लोक या मर्यादेपेक्षा वाईट हवेत राहतात असं हीच संघटना सांगते. हे वाचल्यावर भीती वाटते, पण हाती काही लागत नाही.

म्हणून हा धागा. शहराच्या हवेत नेमकं कोण काय सोडतं आणि कुठल्या उपायानं खरंच फरक पडलाय? एक विनंती: 'लोकसंख्या', 'वाहनं', 'जनजागृती' अशी एका शब्दाची उत्तरं नकोत. ती मला पाठ आहेत.

रसायन
ताई, तुमच्या वहीत जी विसंगती दिसतेय ती खरी आहे, तुमची चूक नाही. हवेत दोन जातींचं प्रदूषण असतं. एक थेट बाहेर पडणारं: काजळी, धूळ, राख. दुसरं हवेतच शिजणारं. या दुसऱ्याकडे लोकांचं लक्षच जात नाही.

लॉस एंजेलिसमध्ये १९४३ च्या उन्हाळ्यात डोळे चुरचुरणारं धुरकं पसरलं तेव्हा लोकांनी एका रबराच्या कारखान्याला धरलं. कारखाना थांबवला तरी धुरकं थांबेना. पुढे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनवाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. हा ओझोन कुठल्याच नळकांड्यातून बाहेर पडत नाही. तो दुपारी, उन्हात, कधी कधी तर शहराच्या मध्यभागापेक्षा वाऱ्याच्या दिशेनं बाहेरच्या उपनगरात जास्त सापडतो. दम्याच्या मुलांना तो फार त्रास देतो. तुमच्या वहीत 'किती वाजता' हा रकाना आहे का?

सूक्ष्मकणांचंही तसंच. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत आम्लं बनतात. त्यांना शेतातल्या खतांमधून आणि जनावरांच्या मलमूत्रातून उडणारा अमोनिया भेटला की क्षारांचे घट्ट कण होतात. म्हणजे शहरातल्या माणसाच्या फुप्फुसात जाणाऱ्या कणाचा अर्धा भाग शहरातल्या गाडीचा आणि अर्धा दूरच्या शेताचा असू शकतो. महानगराच्या हद्दीवर फलक असतो, हवेला तो दिसत नाही.

पहाटवारा
वेळेचा रकाना नाही! आजपासून घालते. धन्यवाद.

वाचनमात्र
एक बाळबोध शंका. गाड्या बाराही महिने तेवढ्याच. कारखाने तेवढेच. मग थंडीच्या सकाळीच हवा अशी का कोंदते?

रसायन
बाळबोध नाही, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे. एरवी जमिनीजवळची हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि धूर सोबत घेऊन जाते. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड हवा जड, ती वर जाईना. गरम हवेचं झाकण बसतं. उन्हाळ्याच्या दुपारी धुराला दीड-दोन किलोमीटर उंचीची खोली मिळते, हिवाळ्याच्या रात्री तीच खोली शंभर-दोनशे मीटरची होते. धूर तेवढाच, खोली दहापट लहान.

लंडनला ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत हेच झालं. कोळसा रोजचाच होता, झाकण बसलं. तेव्हा सुमारे ४००० माणसं गेली असं मानलं गेलं; नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२००० पर्यंत नेला. म्हणून 'वारा पडला होता' हे प्रदूषणाचं कारण म्हणून सांगणं मला पटत नाही. वारा पडतो तेव्हा रोजचा धूर फक्त उघडा पडतो.

भट्टीवाला
तीस वर्षं बॉयलरवर काढली. दोन गोष्टी आतल्या सांगतो.

मोठ्या औष्णिक केंद्राच्या चिमणीकडे सगळे बोट दाखवतात. तिथे निदान राख पकडणारी यंत्रणा असते. विजेच्या दाबानं राख ओढून घेणारे पट्टे नीट चालले तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते. पण वायू अडत नाहीत. सल्फरसाठी चुनखडीच्या पाण्याचा वेगळा संच लागतो. तो बसवला नाही तर चिमणीतून सल्फरचा वायू निघतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि रसायन म्हणतात तसे त्याचे कण शंभर कोसांवर तयार होतात. डोळ्यांना काळा धूर दिसतो म्हणून आपण काळ्यावरच चिडतो.

दुसरी गोष्ट लहान बॉयलरची. ताशी दोन-चार टन वाफ काढणारे, कापड रंगवणारे, खोके बनवणारे, अन्नप्रक्रिया करणारे असे शेकडो. ज्या दिवशी जे स्वस्त ते जाळायचं: कोळसा, लाकूड, भुसा, चिंध्या, एकदा तर मी टायरचे तुकडे येताना पाहिलेत. मी होतो त्या एका ठिकाणी धूळ गाळणाऱ्या पिशव्या फाटल्या होत्या, तर बदलण्याऐवजी बाजूची झडप उघडून धूर सरळ चिमणीत सोडायचे. तोही रात्री. नळ्यांवरची काजळीसुद्धा रात्रीच झाडायची. सकाळी तपासणीला कुणी आलं की सगळं झकास. मी तेव्हा बोललो नाही, ते मला आजही खातं.

उंच चिमणी हा उपाय नव्हे, हेही लिहून ठेवतो. ब्रिटन आणि मध्य युरोपनं चिमण्या उंच केल्या, आजूबाजूची गावं वाचली आणि आम्ल पाऊस स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत पडला.

सरळरेषा
चर्चा चांगली आहे, पण एकतर्फी वाटतेय. कारखाने बंद करा म्हणणं सोपं. माणसं जेवणार काय? गरिबीनंही माणसं मरतात, लवकर मरतात. आणि अमका माणूस हवेनं मेला हे कोण सिद्ध करणार? सगळं संख्याशास्त्र आहे. मला वाटतं जे व्यवहार्य आहे ते करावं: चौकाचौकांत हवा शुद्ध करणारे मनोरे उभारावेत, भरपूर झाडं लावावीत. कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

गणितवेडा
सरळरेषा, पोटाचा मुद्दा मान्य. मनोऱ्याचं गणित मात्र करून पाहू.

शहर १००० चौरस किलोमीटर धरा. धुराची खोली अर्धा किलोमीटर उंच. झाली ५०० घन किलोमीटर हवा, म्हणजे ५० हजार कोटी घनमीटर. प्रचंड मोठा मनोरा सेकंदाला १००० घनमीटर हवा गाळतो असं समजा. तासाला ३६ लाख घनमीटर. भागाकार केला की येतात सुमारे १ लाख ३९ हजार तास, जवळजवळ १६ वर्षं. आणि शहरातली हवा वाऱ्यानं काही तासांत बदलते. म्हणजे १६ वर्षांचं काम काही तासांत करायला किती हजार मनोरे लागतील ते तुम्हीच मोजा, वर त्यांना लागणारी वीज कुठून येणार तेही. मनोऱ्याच्या पायथ्याशी थोडी बरी हवा मिळते, बस.

झाडं मला प्राणप्रिय आहेत. सावली, गारवा, पाणी मुरणं, सगळ्यासाठी लावावीत. पण पानं हवेतले कण अगदी थोड्या टक्क्यांनी कमी करतात. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि वर झाडांचं घट्ट छत असेल तर उलट गाड्यांचा धूर खालीच अडकतो. रस्ता आणि शाळेचं मैदान यांच्यामध्ये दाट कुंपण लावलं तर ते कामाचं.

पहाटवारा
'कोण सिद्ध करणार' याचं उत्तर मला द्यायचं आहे, कारण मी याच प्रश्नावर महिनाभर वाचत होते.

अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना कामगारांच्या वादामुळे ऑगस्ट १९८६ ला बंद पडला आणि वर्षभरानं पुन्हा सुरू झाला. खोरं तेच, माणसं तीच, थंडी तीच. आर्डेन पोप या संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या विकारांनी दाखल झालेली मुलं, बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. कुणी प्रयोग म्हणून हे केलं नव्हतं. झालं आणि मोजलं गेलं.

आयर्लंडमधल्या डब्लिननं १ सप्टेंबर १९९० पासून धूर करणाऱ्या कोळशाची विक्री बंद केली. हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. दहा वर्षांनी नाही, पुढच्याच हिवाळ्यात.

बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकसाठी काही आठवडे कारखाने आणि गाड्या आवरल्या. त्या काळात ज्या बायकांना आठवा महिना होता, त्यांची बाळं आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅम जड निघाली. तेवीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं म्हणता येईल. मला ते वाचताना रडू आलं. पोटातल्या बाळालासुद्धा कळलं होतं की हवा बदलली.

आणि एका माणसाबद्दल म्हणाल तर, लंडनमध्ये वाहत्या रस्त्याजवळ राहणारी ९ वर्षांची दम्याची मुलगी २०१३ मध्ये गेली. तीन वर्षांत तिला तिसेक वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तिची आई लढत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्यानं तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं प्रथमच घडलं. म्हणजे एका व्यक्तीबाबतही ठरवता येतं, फक्त कुणीतरी सात वर्षं दार ठोठवावं लागतं.

वाचनमात्र
वाचतोय. लिहीत राहा ताई.

सरळरेषा
हे मला माहीत नव्हतं. सिद्ध करण्याबद्दलचं वाक्य मागे घेतो. रोजगाराबद्दलचं घेत नाही, कारण कारखाना बंद पडला की घर कसं चालतं ते मी लहानपणी पाहिलंय.

भट्टीवाला
सरळरेषा, घेऊ पण नका. बंद करा असं मी म्हणतच नाही. पिशव्या बदला, इंधन बदला, झडपेला कुलूप लावा. पिशव्या शिवायला, बसवायला, तपासायलाही माणसंच लागतात. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर मुख्य सहा प्रदूषकांचं उत्सर्जन तीन चतुर्थांशांहून जास्त घटलं आणि त्याच काळात अर्थव्यवस्था तिपटीहून वाढली. दोन्ही एकत्र होऊ शकतं. फक्त नियम सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर पिशव्या बदलणारा मालक महाग पडतो आणि झडप उघडणारा धंदा मारून नेतो. आमच्या मालकाचं म्हणणं हेच होतं, आणि ते खोटं नव्हतं.

सायकलस्वार
रस्त्याकडे वळू या का? विजेच्या गाड्या आल्या की प्रश्न सुटेल असं बरेच जण मानतात. अर्धा सुटेल. नळकांड्याचा धूर जाईल, आणि ते फार मोठं काम आहे. पण टायर झिजतात, ब्रेक झिजतात, रस्त्यावरची धूळ चाकांनी उडते, ती तशीच राहील. गाडी जड असेल तर टायर जास्तच झिजणार. त्यामुळे दहा लाख पेट्रोल मोटारींच्या जागी दहा लाख विजेच्या मोटारी हे माझं स्वप्न नाही. चीनमधल्या शेनझेननं २०१७ अखेर शहरातल्या सगळ्या बस, सुमारे १६ हजार, विजेवर आणल्या. बस दिवसभर धावते, एक बस बदलली की खूप सारा धूर बदलतो. सुरुवात तिथून.

नुसते कडक मापदंड पुरत नाहीत हे २०१५ मध्ये जगानं पाहिलं. फोक्सवॅगननं चाचणी ओळखणारी प्रणाली डिझेल गाड्यांत घातली होती. चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर कित्येक पट घाण. जगभरात १.१ कोटी गाड्या. भट्टीवाल्यांच्या रात्रीच्या झडपेचीच ही मोठी आवृत्ती. म्हणून गाडी रस्त्यावर चालत असताना मोजा.

गर्दीच्या भागात यायला शुल्क लावायचं म्हटलं की पहिल्यांदा सगळीकडे विरोध होतो. स्टॉकहोमनं २००६ मध्ये सहा-सात महिने ते करून पाहिलं. नाक्यांवरून जाणारी वाहनं साधारण पाचव्या हिश्शानं घटली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. रिकामे रस्ते अनुभवल्यावर त्याच वर्षी सार्वमतात शहरानं होकार दिला. माणसाला सांगून पटत नाही ते श्वास घेऊन पटतं.

आणि अडकून उभ्या गाड्यांचा धूर तर निव्वळ फुकटचा. अमेरिकेत टोलनाक्यांवर न थांबता पैसे कापणारी यंत्रणा आली, तेव्हा नाक्याच्या २ किलोमीटर परिसरातल्या आयांमध्ये मुदतपूर्व प्रसूतींचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी घटलं असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. कुणी प्रदूषणासाठी ते केलंच नव्हतं.

चूलकोपरा
धाग्यात चूल आणि शेकोटी कशी नाही? सगळ्यांत काळा धूर तिथला. कचरा जाळला जातो तो का? उचलायला कुणी आलं नाही म्हणून. थंडीत रात्रपाळीचा पहारेकरी प्लास्टिक जाळून हात शेकतो, तेव्हा त्याला दंड करून काय साधतं? त्याला बसायला ऊबदार खोली द्या. जाळलेल्या प्लास्टिकचा धूर आधी त्याच्याच छातीत जातो.

पोलंडमधल्या क्राकोनं १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी घातली. पण त्याआधी कित्येक वर्षं शेगड्या बदलून द्यायला पैसे दिले. उत्तर चीनमध्ये २०१७ च्या हिवाळ्यात हे उलटं झालं: कोळशाच्या शेगड्या काढल्या, गॅस पुरेसा पोचला नाही आणि काही गावांत माणसं, शाळेतली मुलं थंडीत कुडकुडली. पर्याय आधी, बंदी नंतर. हा क्रम चुकला की स्वच्छ हवा हे शब्द गरिबाला शिवीसारखे ऐकू येतात.

रसायन
चूलकोपरा यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. चीनचं दुसरं अंगही सांगतो. बीजिंगची वार्षिक पीएम २.५ सरासरी २०१३ मध्ये ८९.५ होती, २०१७ मध्ये ५८, २०२१ मध्ये ३३. आठ वर्षांत इतकी घट मोठ्या शहरात क्वचितच झाली असेल. एकट्या शहरानं ते केलं नाही, भोवतालच्या प्रांतांतले बॉयलर, पोलाद, घरगुती कोळसा यांना एकत्र हात घातला. म्हणून मला वाटतं, हवेचा कारभार महापालिकेच्या नकाशावर नव्हे, वाऱ्याच्या नकाशावर चालायला हवा.

मात्र तिथे त्याच काळात ओझोन वाढला. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी झाली की काही परिस्थितीत ओझोन वाढतो, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकत असतो. टाळेबंदीतही बऱ्याच शहरांत हे दिसलं. उत्तर इतकंच की इंधनवाफा, रंग, द्रावकं, पंपावर टाकी भरताना उडणारं पेट्रोल यांनाही सोबत आवरलं पाहिजे. ताईंच्या मूळ प्रश्नाचं, धूर कुणाचा, उत्तर काढायची रीत आहे. गाळणीवर जमलेल्या कणांचं पृथक्करण करतात: सिलिकॉन-ॲल्युमिनियम म्हणजे माती, लेव्होग्लुकोसान नावाची साखर सापडली म्हणजे लाकूड-काडी जळली, शुद्ध कार्बनची काजळी बहुतेक डिझेलकडे बोट दाखवते. धुरालाही बोटांचे ठसे असतात. प्रत्येक शहरानं दर ऋतूला ही तपासणी करून लोकांसमोर ठेवावी, ही माझी एकच मागणी.

वाचनमात्र
तोवर घरात काय करायचं? माझी आई ७२ वर्षांची आहे, तिला सकाळी फिरायला जाऊ देऊ का?

गणितवेडा
कोंदलेल्या थंडीच्या दिवसांत पहाटे नको. ऊन वर येऊन झाकण सुटेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात मात्र भर दुपार टाळा, तेव्हा ओझोन. मोठ्या रस्त्यापासून आत वळा. गाड्यांचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड साधारण दीडशे ते तीनशे मीटरमध्ये झपाट्यानं उतरतात. दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक आहे.

मुखपट्टी एन९५, चेहऱ्याला चिकटून बसणारी. कापडी रुमालानं बारीक कण अडत नाहीत. घरात शुद्धीकरण यंत्र घेतलंत तर हेपा गाळणीचं (बारीक कण अडवणारी दाट गाळणी) घ्या, आणि खोलीच्या मापाला तासाला किती हवा गाळतं ते बघा. स्वतः ओझोन सोडणारी यंत्रं दम्याच्या घरात अजिबात नकोत. हेपा वायू अडवत नाही, त्याला कोळशाचा थर लागतो. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी किंवा धूर बाहेर ओढणारा पंखा चालू ठेवा. स्वस्त मापकयंत्र धुक्यात जास्त आकडा दाखवतं, कण ओलाव्यानं फुगतात, तेव्हा घाबरू नका. हे सगळं छत्री उघडण्यासारखं आहे. पाऊस त्यानं थांबत नाही.

पहाटवारा
सहा आठवड्यांनी धागा वर आणतेय.

वहीत वेळ लिहायला लागले. तिचे वाईट दिवस दोन गटांत पडले: थंड, निवांत सकाळी शाळेत जातानाचे, आणि कडक उन्हाच्या दुपारी मैदानावरून आल्यावरचे. दुसऱ्या गटातल्या दिवशी फलकावरचा आकडा बहुतेक वेळा ठीकच होता, कारण मी तो सकाळी आठला बघत होते!

शाळेचा रस्ता बदलला. मोठा चौक सोडून आतून जातो, आठ मिनिटं जास्त चालतो. खेळाचा तास दुपारऐवजी सकाळी उशिरा घ्यावा म्हणून मुख्याध्यापकांना वहीच नेऊन दाखवली. त्यांनी ऐकलं. शाळेसमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल पाच पालकांनी मिळून अर्ज दिलाय. शाळेमागच्या कारखान्याच्या रात्रीच्या धुराची मी तारीख-वेळेसह एकवीस दिवसांची नोंद केली आहे. भट्टीवाला, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. ती काजळी झाडण्याची वेळ आहे की झडपेची, हे तुम्हीच ओळखू शकाल.

भट्टीवाला
नोंद पाहिली. रोज रात्री पावणेदोन ते साडेतीन. काजळी झाडायला इतका वेळ लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. ही झडप आहे. तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो, सहीही माझी घाला.